उन्हाळ्यातला तिसरा सिनेमा

जर्मनीतल्या कासेल शहरात उकाडा वाढला की रोसविता धाकट्या बहिणीला, हाइडरूनला, घेऊन सिनेमाला जायची आणि बाहेर पडताच त्याची सालटी काढायची. यंदा एकाच परदेशी नटाचे तीन सिनेमे लागले होते. पहिला पाहून आल्यावर ती म्हणाली, “नायक पक्का खोटारडा आहे.”

“अगं, त्याने अख्खं शहर वाचवलं!”

“वाचवलं असेल. पण बायकोला ‘लवकर येतो’ म्हणाला ना, तेव्हाच मी ओळखलं.”

दुसऱ्या सिनेमातला नायक तिला साखरेत घोळलेलं कारलं वाटला.

“एवढा राग येतो, तर तिकिटं काढतेस कशाला?” हाइडरून वैतागून म्हणाली. उत्तर दोघींनाही ठाऊक होतं. जर्मनमध्ये डब केलेल्या सिनेमांत तो नट गेली वीस वर्षं ज्या आवाजात बोलत होता, तो आवाज एकार्टचा होता. एकार्ट म्हणजे रोसविताला टाकून गेलेला नवरा. घर सोडताना त्याने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, आणि त्यानंतरही कधी नाही.

तिसऱ्या सिनेमात नायकाने आपल्या बायकोपुढे गुडघे टेकले. “चूक माझीच होती,” तो म्हणाला. “मला माफ कर.”

रोसविताच्या हातातलं आइस्क्रीम वितळून मनगटावर ओघळलं. अंधारात हाइडरूनने तिचा दंड घट्ट धरला. “ऐकलंस? म्हणाला गं एकदाचा!”

“ऐकलं,” रोसविता म्हणाली. “माफी मागितली मेल्याने, तीही दुसऱ्याच्या बायकोची.”