झाकणातला दिवा

"हाच घ्या ताई. हलका, सुटसुटीत, फोटो लख्ख येतात." दुकानदाराने स्कॅनर टेबलावर मांडला.

"यावर निगेटिव्ह स्कॅन होतात?"

"नाही हो. त्याला झाकणातही दिवा लागतो. तो स्कॅनर महाग, शिवाय मागवावा लागेल."

"मागवा."

हाताशी आलेलं गिऱ्हाईक असं सोडेल तो दुकानदार कसला! "अहो, अल्बमभर फोटो आहेत म्हणता ना? मग त्या काळ्या पट्ट्यांचं काय लोणचं घालायचंय?"

तिने पिशवीतून अल्बम काढून त्याच्यापुढे आदळला. पहिल्या पानावर वडील, त्यांच्या मांडीवर ती आणि शेजारी कात्रीने कापलेलं भोक. पुढच्या पानावर भोक. त्याच्या पुढच्याही.

दुकानदाराने टेबलावरचा स्कॅनर बाजूला सारला.

"मार सोसेना म्हणून आई निघून गेली. मी एवढीशी होते, तिचा चेहराही आठवत नाही. बाबांनी घरातला एकेक फोटो शोधून तिला कापून काढलं. भारी चिकाटीचा माणूस!" ती हसली. "फक्त निगेटिव्ह कशाशी खातात, ते त्याला ठाऊक नव्हतं."