अंगठ्याच्या बाजूनं

वहिनीनं बाही वर सरकवली आणि हात नणंदेपुढे केला.

"धर. आणि सोडू नकोस."

मनगटावर बोटांचे वळ उठले होते, काळेनिळे. हातच्या काकणाला आरसा कशाला? खोलीतल्या बायकांना काय ते कळलं. तरी वहिनीनं सांगितलंच. काल संध्याकाळी ड्यूटी सुटल्यावर भुयारी रस्त्यात एका माणसानं हात धरला. पलीकडून कुणाच्या तरी बोलण्याचा आवाज आला, म्हणून तो पळाला. पर्स शाबूत, ती शाबूत. बाकी काही विचारू नका, म्हणाली.

ही हॉस्पिटलच्या लाँड्रीतली घड्या घालायची खोली. रविवारी मशीनं बंद असतात, तेव्हा टेबलं भिंतीला लावून इथं वर्ग भरतो. रस्त्यात कुणी हात धरला, केस ओढले, मागून आवळलं, तर काय करायचं त्याचा. शिकवणाऱ्या मॅडम पोलिसातून निवृत्त झालेल्या. उड्याबिड्या नाहीत त्यांच्याकडे. ओरडा, सुटा आणि धूम ठोका, बस्स. जोड्या मात्र कामावरच्याच. आठवडाभर चादरीचं दुसरं टोक जी धरते, तिनंच रविवारी हात धरायचा. वहिनी आणि नणंद पहिल्यापासून एकाच चादरीला.

नणंदेनं हात धरला. वहिनीनं कोपर वाकवलं, मनगट अंगठ्याच्या बाजूला वळवलं, अंग पुढे टाकून हिसडा दिला. लोण्यातून सुरी निघावी तसा हात निघाला. दर रविवारी असाच निघायचा. मग मॅडम सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावायच्या, हिचं बघा म्हणायच्या, आणि वहिनीचे पाय घरी जाईपर्यंत जमिनीला लागायचे नाहीत. त्याच तोऱ्यात तिनं बायकांच्या घोळक्याबरोबरचा लांबचा रस्ता सोडला आणि एकटी भुयारातून जायला लागली. घाबरायचं कशाला, हात आहेत ना, असं वर ऐकवायची.

"सोडलास," वहिनी म्हणाली.

नणंद म्हणाली, नाही गं, तूच सोडवलास. मग म्हणाली, हाताला सवय असेल. समोरचीनं ओढलं की ढील द्यायची, नाहीतर चादर फाटते. एकदोघी हसल्या. त्यांना वाटलं, निभावलं.

वहिनी हसली नाही. तिनं हात परत पुढे केला.

"धरा, वन्सं. आता खरा धरा."

लग्न होऊन आल्यापासून तिनं नणंदेला कधी वन्सं म्हटलं नव्हतं, अहोजाहो तर दूरच. एका ताटात जेवणाऱ्या या दोघी. नणंदेचा चेहरा खर्रकन उतरला. ओल्या चादरी उपसून उपसून कणखर झालेला तिचा हात. त्यानं तिनं मनगट धरलं आणि नजर खिडकीकडे वळवली.

वहिनीनं कोपर वाकवलं. अंगठ्याच्या बाजूला वळवलं. हिसडा दिला. काही नाही. पुन्हा दिला. मग नुसतीच ओढत राहिली, लहान पोर आईच्या हातातून निसटायला बघतं तशी. चपला फरशीवर घसरल्या. हात जिथल्या तिथं.

मॅडम पुढे आल्या आणि त्यांनी नणंदेची बोटं सोडवली. वहिनीनं एकेकीकडे पाहिलं. एकीनंही मान वर केली नाही. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. टाळ्या वाजवतानासुद्धा ठाऊक होतं.

का केलंस असं, एवढंच तिनं विचारलं. नणंद रडायलाच लागली. म्हणाली, पहिल्या रविवारी तुझा हात काही केल्या सुटेना. सगळ्यांसमोर तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मला नाही बघवलं. म्हणून जरा सैल सोडला. तू इतकी खूश झालीस की पुढे सांगायचा धीरच झाला नाही. तुझ्या भल्यासाठीच केलं गं.

भल्यासाठी! वहिनीच्या अंगाची लाही लाही झाली. परक्यानं नुसता हात धरला होता; केसानं गळा कापला तो घरच्या माणसानं. उद्या पुन्हा ड्यूटी होती, पुन्हा संध्याकाळ होती, आणि आता तिला स्वतःच्या हाताचाही भरवसा उरला नव्हता.

"काल मी सगळं बरोबर केलं," ती म्हणाली. "कोपर वाकवलं. मनगट वळवलं. हिसडा दिला. मग ओरडले नाही, लाथ मारली नाही, काही नाही. तशीच उभी राहिले."

मॅडमनी हळूच विचारलं, का.

वहिनी नणंदेकडेच बघत होती.

"वाट बघत होते. आता सोडेल म्हणून."