साहेबांच्या सेवेशी

राज्यकारभाराचा पाया म्हणजे नीट जपून ठेवलेला अर्ज. किरगिझस्तानात नारीनकडच्या एका कालवा कार्यालयात हा पाया साहेबांच्या सेक्रेटरी झूराकान एजे, म्हणजे झूराकानताई, यांच्या एका बोटाखाली होता.

तिथल्याच शर्शेनबेकनं मंगळवारी दूरच्या ओश शहरात बदली मागणारा सातवा अर्ज पेनड्राईव्हवर आणून दिला. ओशला त्याची बायको होती आणि तीन वर्षांची मुलगी, जी फोनवर आता त्याला 'काका' म्हणू लागली होती.

"एजे, आधीच्या सहांचं काय झालं?"

"बस रे, चहा घे. सगळे कॉम्प्युटरात आहेत."

त्याला बसवेना. तो त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिला. अर्ज साठवताना कॉम्प्युटरनं नेहमीप्रमाणे पहिली ओळच फाईलचं नाव म्हणून उचलली: 'माननीय संचालक तोक्तोसुनोव साहेबांच्या सेवेशी'. वेगळ्या ओळीनं अर्ज सुरू करायची तिथं कुणाची छाती नव्हती. मग पडद्यावर प्रश्न आला: या नावाची फाईल आहे, ती काढून ही ठेवू?

एजेंनी 'होय' दाबलं.

"हे दर वेळी विचारतं?"

"रोज! भारी भित्रं आहे. मी म्हणते, ठेव बाबा."

त्यानं वाकून फोल्डर उघडलं. सहा वर्षांत अख्ख्या कार्यालयानं दिलेल्या अर्जांपैकी आत एकच होता, त्याचा आत्ताचा.

"एजे, पाया पडतो, याचं नाव बदला!"

"साहेबांचं नाव खोडू? डोकं फिरलंय का तुझं?"



गुरुवारी साहेबांनी फोल्डर उघडलं आणि स्वयंपाकिणीनं बुधवारी मागितलेली किटली मंजूर केली.