चांगल्या घटनेचे गुण

"चाय ठेव, बाय," पंढरीनाथ म्हणाले आणि माहेरी आलेल्या मनालीला कळलं, बाबांना आपण समोर नको आहोत.

शेलार गावातल्या त्यांच्या घराच्या ओट्यावर करिष्मा बसली होती. आरोग्य पाहणीवाली. वर्षभरात घरात घडलेल्या प्रत्येक घटनेला तिच्याकडे गुण होते. मृत्यू, लग्न, कोर्टकचेरी. बेरीज मोठी, तर आजारही जास्त का, हे पाहणीत तपासायचं होतं.

"म्हशीनं लाथ मारली, त्याला किती गुण?" बाबा हसत होते. मग त्यांचा आवाज खाली गेला. आत कान देऊन ऐकताना चहा उतू गेला, तरी मनालीला एकही शब्द ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

मनालीला ते पुरेसं वाटलं नाही. धाकटा भावेश शेत गोदामाला द्या म्हणून बाबांच्या मागे लागला होता. जेवतानाही सोडत नव्हता. बाबांनी करिष्माला हेच सांगितलं असणार. तेराव्याला भावेश ढसाढसा रडला, तेही तिनं संशयानंच पाहिलं. नंतर त्यानं विचारलं, "ताई, सासरी कधी जातेस?" म्हणजे वाट मोकळी हवीय, हे तिनं मनात पक्कं केलं. "रजा संपली की," ती म्हणाली.

गणपती झाल्यावर करिष्मा पुन्हा आली. मधल्या काळात कोण आजारी पडलं, ते विचारायला. बाबा गेल्याचं ऐकून तिनं उघडलेली वही मिटली.

मनालीनं भावेशला बोलावून समोर बसवलं. आज नाव निघालं, तर याचं तोंड पुन्हा पाहायचं नाही.

"त्या दिवशी बाबा याच्याविषयी काय बोलले? याच्यासमोरच सांग."

"असं सांगता येत नाही, ताई."

"बाप गेलाय माझा."

करिष्मा घुटमळली. "जमिनीचं निघालं होतं. म्हणाले, तो मागनार, मी देनार न्हाय, दोघांना सवय हाय. ते सोड, म्हणाले, आणि दुसरंच लिहायला लावलं. लेक सासर सोडून कायमची घरा आयलीय. मी म्हटलं, काका, केवढा ताप. तर म्हणाले, ताप कसला, बरं झालं. पन ती सांगत न्हाय, तवर मी इचारनार न्हाय. म्हणून मी ते चांगल्या घटनेत धरलं. तिलाही गुण असतात."

भावेश बहिणीकडे वळला.

"मी परत जाणार नाही, भावेश," मनाली म्हणाली. "रजा नव्हतीच."