दिगंबर सरांचा रेफरन्स

"तुझ्या दिगंबर सरांनी रेफरन्स म्हणून तुझं नाव दिलंय," एचआरची पूर्णिमा म्हणाली. "माणूस कसा आहे? घ्यावा का?"

दीपालीनं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. दिगंबर म्हणजे तिच्या आधीच्या कंपनीतला मॅनेजर. त्याच्याच जाचाला कंटाळून तिनं वर्षापूर्वी ती नोकरी सोडली होती. आता तो इथे येऊ बघत होता, तोही तिच्याच टीमवर मॅनेजर म्हणून. आणि त्याला घ्यायचं की नाही, हे विचारत होते कुणाला, तर तिला. संध्याकाळपर्यंत सांगते असं म्हणून ती जागेवर येऊन बसली. चेहरा गंभीर ठेवला होता, पण मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. माणूस आहे, फुटणारच.

नोकरी सोडावी तर दीपालीसारखी, असं जुन्या ऑफिसात अजूनही म्हणत. दिगंबरच्या हाताखालून लोक जात ते भांडूनच. माधवनं गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याच्या टेबलावर आपटलं होतं. श्रद्धानं जाता जाता साऱ्या कंपनीला मेल टाकली आणि मग अनुभवाचं पत्र मिळवताना तिच्या नाकी नऊ आले. दीपालीनं असला वेडेपणा केला नाही. तिचं सगळं रडगाणं गेटबाहेरच्या टपरीवर, चहा संपेपर्यंत. ऑफिसात चकार शब्द नाही. राजीनाम्याचं कारण विचारलं तेव्हा म्हणाली, घर लांब पडतं. घर कर्वेनगरला आणि नवं ऑफिस जुन्याहूनही लांब, पण ते कोण बघायला जातंय? सेंड-ऑफला केक कापला. दोन शब्द बोल म्हणाले, तर सरांकडून खूप शिकायला मिळालं, असंही हसत हसत बोलून गेली. टाळ्या पडल्या. कागद हातात पडले. शहाण्या मुलीनं आणखी काय करायचं?

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं श्यामलाला फोन लावला. श्यामला जुनी मैत्रीण, अजून दिगंबरच्याच हाताखाली अडकलेली. बातमी ऐकून ती खूश होईल, दोघी मिळून त्याचा पुरता निकाल लावू, असं दीपालीला वाटलं होतं. झालं भलतंच.

"बाई गं, तोंड दुखेपर्यंत स्तुती कर त्याची," श्यामला म्हणाली. "पण घेऊन जा एकदाचा."

सगळी टीम म्हणे देव पाण्यात घालून बसली होती. दीपालीनं सांगून पाहिलं की तो येईल तो माझ्याच डोक्यावर येईल. त्यावर श्यामलाचं उत्तर तयार होतं. तुला सवय आहे, तू गोडीत राहतेस, तुझं काय बिघडणार? आणि त्याला तिकडून परत पाठवलंस तर यापुढे मला फोन करू नकोस, हेही तिनं जाता जाता ऐकवलं.

दीपाली फोन ठेवून हिशेब मांडू लागली. खरं सांगावं तर श्यामला त्याच्या तावडीत राहणार. खोटं सांगावं तर आपण पुन्हा त्याच्या तावडीत. तिसरा रस्ता होताच, तिच्या नेहमीच्या सवयीचा. 'ठीक आहेत सर' म्हणायचं आणि अंग काढून घ्यायचं. शब्द ओठांवर तयारही होते. पण या शहाणपणाची तिला आज पहिल्यांदाच किळस आली. पूर्णिमाच्या केबिनमध्ये जाऊन त्याच्या मागे बोलायचं म्हणजे तरी काय, टपरीच ती, फक्त चहा कंपनीचा. जे बोलायचं ते तीन वर्षं ज्याच्यासमोर बसून आपण बोललो नाही, त्याच्याशी आधी बोलायला हवं होतं. तिनं जिन्यात जाऊन दिगंबरला फोन लावला.

"सर, मी खरं सांगणार आहे," ती म्हणाली. "चालणार नसेल तर माझं नाव आत्ताच काढून घ्या."

खरं म्हणजे काय, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. विशेषण एकही लावलं नाही, झालं तेवढंच बोलली. तिनं केलेलं काम त्यानं क्लाएंटपुढे स्वतःचं म्हणून मांडलं, ते. सगळ्यांसमोर तिला गाढव म्हणाला, ते. खडकीच्या फॅक्टरीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या तिच्या वडिलांना अँजिओप्लास्टीसाठी आत नेलं होतं, तेव्हा त्यानं फोनवर 'हॉस्पिटलात वाय-फाय असेलच की' म्हटलं, ते.  राग इतका साठलेला असेल याची तिची तिलाच कल्पना नव्हती. सगळं बोलून मगच ती थांबली.

तो ओरडेल, निदान फोन तरी आपटेल, अशी तिची खात्री होती. त्यानं यातलं काहीच केलं नाही.  एवढंच म्हणाला की नाव कशाला काढायचं, अर्जच मागे घेतो.

झालं. दीपाली सुटली. श्यामला महिनाभर बोलणार नाही, न बोलो. आता फोन ठेवायला हरकत नव्हती. पण इतक्या माणसांतून त्यानं नेमकं आपलंच नाव कसं दिलं, हे विचारल्याशिवाय तिला राहवेना. तिनं विचारलं.

"बाकीचे सगळे भांडून गेले गं," दिगंबर म्हणाला. "तू एकटीच हसत गेलीस. मला वाटलं, एका माणसाशी तरी आपण बरे वागलो."