खिडकीखालची भिंत

शैलाने शिलाई मशीन पुन्हा हलवलं. नवऱ्याचं घर कायमचं सोडून ती काल दादाकडे आली होती. त्या इवल्याशा हॉलमध्ये विजेच्या मोटारीचं ते मशीन कुठंही ठेवलं, तरी कुणाच्या तरी वाटेत येत होतं. दाराशी चपला अडत, सोफ्याजवळ दादाच्या पोरींच्या अभ्यासाची जागा जाई. खिडकीपाशी उजेड छान होता, पण तिथं वहिनीची आरामखुर्ची होती.

वहिनी स्वयंपाकाच्या ओट्याजवळून नुसती बघत होती. शेवटी शैलाने मशीन गॅलरीत नेऊन चादरीखाली झाकलं.

दुपारी वहिनी बाहेर गेली, ती वायरमनला घेऊनच आली. तिनं स्वतःची खुर्ची बाजूला ओढली आणि खिडकीखालची भिंत दाखवली. "इथं मशीनसाठी पॉइंट काढा."

शैला लगबगीनं पुढं झाली. "अहो वहिनी, भिंत कशाला फोडता? माझं काय, आज इथं, उद्या तिथं."

"म्हणूनच फोडतेय," वहिनी म्हणाली. "आता ते इथून हलवायचं नाही."

छिन्नीचे घाव पडू लागले. शैला आल्यापासून पहिल्यांदाच पाय पसरून बसली.