हिंदुरावांचं एकच गणित

इंद्रायणीने पोह्यांच्या बश्या पाहुण्यांपुढे ठेवल्या, पदर सावरला आणि मनाशी पक्कं केलं: आज गणित चुकायचंच.

अख्ख्या रहाटणीत गणितात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तेच तर संकट होतं. मुलगा ज्योतीराम चाकणहून तिला बघायला आला होता खरा, पण शेवटचा शब्द त्याच्या काकांचा, हिंदुरावांचा. त्यांची लाकडाची वखार. नवे पैसे सुरू झाले तसं त्यांना दशांशाचं जे वेड लागलं, ते काही केल्या उतरेना. मुलीला चालायला लावणं नाही की वाचायला लावणं नाही. वखारीचा हिशेब सांभाळणारी सून हवी म्हणून ते प्रत्येक मुलीला गणित घालत. तेही एकच, ठरलेलं. सांगवीची मुलगी वर्गात पहिली, ती नापास. निघोज्याच्या मास्तरांची लेक, तीसुद्धा नापास. घाबरल्या असतील बिचाऱ्या, असं लोक म्हणत.

इंद्रायणीच्या वडिलांनी, बबनरावांनी, सांगूनच टाकलं होतं. पोरीला अठरा सरली. लग्न जमलं की शाळा बंद. आणि मॅट्रिकची परीक्षा तर अगदी तोंडावर आलेली.

हिंदुरावांनी पाटी पुढे सरकवली.

२.५ + १.५ × ०.४ ÷ ०.२

हात्तिच्या, एवढंच? इंद्रायणीला हसू दाबावं लागलं. आधी भागाकार, मग गुणाकार, बेरीज सगळ्यात शेवटी. साडेपाच! पण साडेपाच म्हणजे थेट बोहलं. मग तिने डावीकडून जे दिसेल ते खुळ्यासारखं करत जायचं ठरवलं. अडीच नि दीड, चार. चार गुणिले पॉइंट चार, एक पॉइंट सहा. त्याला भागिले पॉइंट दोन.

"आठ," ती खणखणीत आवाजात म्हणाली.

इतका वेळ मान खाली घालून बसलेल्या ज्योतीरामने चमकून वर पाहिलं. हिंदुराव मात्र पाटीकडेच बघत राहिले. बबनरावांच्या घशात पोहे अडकले. झालं, सुटलो, असं मनात म्हणत इंद्रायणीने बश्या गोळा करायला घेतल्या.

हिंदुरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"साखर आणा, बबनराव. इतक्या पोरी बघितल्या, जी ती आपली साडेपाच. बरोबर उत्तर देणारी ही पयलीच हाय."